घसा चार्जिंगला आहे

मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकात मागणी पहिल्याच ओळीत करावी लागते, कारण दुसरी ओळ कुणी वाचत नाही. तेव्हा आधी मागणी करून मोकळा होतो: आम्ही विकत घेतलेली वस्तू उघडायचा, बघायचा आणि दुरुस्त करायचा हक्क आमचा आहे, तो आम्हाला द्या. या अंकाच्या संपादकांनी मात्र फोनवर बजावलंय, "सलीम, घोषणा नकोत. मदिन्यातल्या कामाबद्दल लिही. माणसांबद्दल लिही."

बरं. एका माणसाबद्दल लिहितो. घोषणा मध्ये घुसली तर संपादकांनी कापावी.

मी म्हसळ्याचा. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि मदिन्याला गेलो. मोबाईलला नुकता कॅमेरा येऊ लागला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, माझं काम 'माल उचलणारा' असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात मी अब्बासचाचांच्या दुकानातल्या कोपऱ्यात एक काचेचा काउंटर टाकून मोबाईल दुरुस्त करायचो. चाचा आमच्याच भागातले, श्रीवर्धनकडचे. हरमच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या मशिदीच्या, बाजूच्या गल्लीत त्यांचं जानमाज म्हणजे नमाजाच्या चटया, जपाच्या तसबी, टोप्या आणि अत्तराचं दुकान होतं. दुकान कागदावर कफीलच्या, म्हणजे त्यांच्या सौदी मालकाच्या नावावर. चालवायचे चाचा.

मोबाईल दुरुस्ती म्हणजे जादू असते असं गिऱ्हाइकाला वाटतं. तसं काही नसतं. बॅटरीतून वीज निघाली का, निघाली तर कुठपर्यंत पोचली, आणि जिथे अडली तिथे काय तुटलंय, एवढंच शोधायचं. नळाला पाणी का येत नाही हे बघणारा प्लंबर जे करतो तेच. फरक इतकाच की प्लंबरला पाइप कुठून गेलाय ते सांगायला कुणी नाही म्हणत नाही. आमच्या धंद्यात कंपनी नकाशाच दडवून ठेवते. आम्ही जेद्दाच्या बाजारातून झेरॉक्सच्या झेरॉक्स आणायचो, त्यावरच्या रेघा इतक्या पुसट की अर्ध्या अंदाजाने भरायच्या. एका कंपनीने स्क्रूची डोकी अशी काही आडवीतिडवी काढली की बाजारात त्याला स्क्रू-ड्रायव्हरच मिळेना. मी सायकलची तार कानशीने घासून तो बनवला. चोर असल्यासारखं वाटायचं. गिऱ्हाइकाचा फोन, गिऱ्हाइकाची परवानगी, आणि हत्यार मात्र लपवून ठेवायचं!

हज-उमऱ्याला आलेली गिऱ्हाइकं तर एकेक. परभणीकडच्या एक काकू मक्केहून आणलेल्या जमजमच्या पवित्र पाण्यात पडलेला मोबाईल घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकू, लगेच बॅटरी काढायला हवी होती."

"अरे जमजम आहे ते. त्याने कसा बिघडेल?"

"काकू, पाण्याला बरकत आहे, पण मोबाईलला अक्कल नाही."

उघडला, स्पिरिटने पुसला, वाळवला. चालू झाला. काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं?" सगळं श्रेय पाण्याला. चाचा गल्ल्यामागे बसून खांदे हलवत हसत होते.

खांदे हलवत, कारण चाचांना हसण्याचा आवाज नव्हता. कसलाच नव्हता. घशात गाठ झाली होती, मुंबईला ऑपरेशन करून स्वरयंत्र काढून टाकलं होतं. मानेला पुढून एक भोक, श्वास तिथून. त्यावर ते पांढरा रुमाल बांधायचे. बोलण्यासाठी डॉक्टरांनी एक यंत्र दिलं होतं, लहान टॉर्चएवढं. ते गळ्याला लावून बटण दाबायचं. आत एक कॉइल थरथरते, ती थरथर गळ्यातून तोंडात जाते आणि ओठ-जीभ हलवून तिचे शब्द करायचे. आवाज डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा, एका सुरात. चाचा रागावले तरी तोच सूर, लाडात आले तरी तोच. म्हणून राग आला की ते बोलताना दुसऱ्या हाताने काउंटरवर थाप मारायचे, म्हणजे समोरच्याला कळावं.

त्या यंत्राला ते 'घसा' म्हणत. दुपारी गिऱ्हाईक भाव करायला लागलं आणि चाचा गप्प दिसले, की मी सांगायचो, "थोडं थांबा, घसा चार्जिंगला आहे." नवीन माणूस चक्रावून जायचा.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर चाचा घरी फोन लावायचे. बायको वारलेली. घरी मुलगी नसीमा आणि चाचांचा धाकटा भाऊ युसूफ, त्याचं कुटुंब. एका हातात फोन, एका हातात घसा. नसीमा बोलत असली की चाचा घसा खाली ठेवायचे आणि बोटातल्या अकीकच्या खड्याच्या अंगठीने फोनवर टकटक करायचे. म्हणजे, ऐकतोय, पुढे बोल. फोनचा आवाज इतका मोठा ठेवायचे की माझ्या काउंटरपर्यंत सगळं ऐकू यायचं.

"बाबा, तुम्ही फ्रीजच्या आतून बोलल्यासारखं वाटतं."

चाचा घसा लावून म्हणायचे, "आत... थंड... हाय. बरा... हाय."

तिकडून खिदळणं ऐकू आलं की इकडे खांदे हलायचे.

नसीमाचं लग्न ठरलं. मुलगा कुवेतला, त्याला सुट्टी मिळाली ती नेमकी मदिन्यातल्या गर्दीच्या मौसमात. चाचांचा पासपोर्ट कफीलकडे. चाचा त्याच्याकडे गेले, मी सोबत होतो. कफील वाईट माणूस नव्हता. त्याने खजूर पुढे केले, कहवा दिला आणि म्हणाला, मौसम खलास होऊ दे, मग जा, हवं तितके दिवस राहा. मौसम संपेपर्यंत नवरामुलगा कुवेतला परत गेलेला असणार. तारीख हलेना.

आमच्याकडे निकाहाच्या वेळी मुलीचा वकील दोन गवाह घेऊन आत तिच्याकडे जातो आणि विचारतो, अमक्याशी, अमक्या मेहरवर, म्हणजे नवऱ्याने द्यायच्या रकमेवर, तुला कबूल आहे का. वकील युसूफकाकाच होणार होता. चाचांनी फोनवर त्याला परवानगी दिली की शरियतीचं काम झालं असतं. पण नसीमाने फोनवर सांगून टाकलं.

"काका विचारतील तेव्हा मी गप्प बसणार. आधी बाबांनी विचारायचं. फोन कानाला लावून बसेन मी."

"अगं, बायांच्या गर्दीत..." मागून युसूफचा आवाज आला.

"गर्दी गप्प बसेल. बाबा, तुम्ही विचाराल ना?"

चाचांनी घसा लावला. "इचारेन... बाय. तुना... इचारल्याबिगर... देतंय का... कोनाला."

त्या दिवसापासून ते प्रश्नाची तयारी करू लागले. घशावर 'क' आणि 'ब' नीट उमटत नाहीत. गल्ल्यामागे बसून आमच्या बोलीत, 'तुला'ला 'तुना' म्हणत, हळू आवाजात घोकायचे: बाय, कबूल हाय ना तुना? बाय, कबूल हाय ना तुना? शेजारचा हैदराबादी टोपीवाला मला विचारायचा, "चाचा किसकू मना रहे?"

आणि घसा बिघडला.

बटण दाबलं तरी आवाज नाही. मग एकदम यायचा, मध्येच जायचा. दोन-तीन दिवसांत चाचांना युक्ती सापडली: मुठीत घट्ट आवळून अंगठ्याने एका बाजूला दाबलं, की बोलतो. सोडलं की मुका. मी तो हातात घेतला, दाबून बघितला, हलवून कानाशी धरला. दाबल्यावर चालतो याचा अर्थ बॅटरी ठीक, कॉइल ठीक. बटणाजवळचा एखादा टाका सुटलेला असणार. उघडायचं, कथिलाचा एक थेंब, बंद करायचं. चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

फक्त उघडायचं कसं? बाहेर एकही स्क्रू नाही. दोन्ही कवचं एकमेकांत चिकटवलेली आणि जोडावर चंदेरी स्टिकर. स्टिकरवर लिहिलेलं, हे फाटल्यास हमी रद्द.

मी पातळ ब्लेड काढलं. चाचांनी माझं मनगट धरलं.

"सील... तोडू नको... सल्या."

"चाचा, कागद आहे तो. त्याच्या आत तुमचा आवाज अडकलाय."

त्यांनी नुसतं बोट वर केलं. दुकानात गल्ल्याच्या वर पाटी होती, अरबीत, उर्दूत आणि इंग्रजीत: सील तोडलेला माल परत घेतला जाणार नाही. अत्तराच्या बाटल्यांसाठी. ऑपरेशननंतर तर चाचा वादच घालायचे नाहीत, पाटीकडे बोट दाखवायचे. आयुष्यभर त्यांनी धंदा त्या पाटीवर केला. सील शाबूत असेल तर माल बदलून द्यायचा, हुज्जत न घालता, मग गिऱ्हाईक इंडोनेशियाचं असो की नायजेरियाचं. सील म्हणजे दोन माणसांमधला शब्द, असं त्यांना वाटायचं. कंपनीनेही आपल्याला तसाच शब्द दिलाय अशी त्यांची खात्री होती.

"हमी... हाय अजून. मी... सील राखलंय. ते... शब्द राखतील."

आता सांगा, या माणसाला काय उत्तर द्यायचं? मी चिडलो. म्हटलं, "चाचा, तुमच्या पाटीत आणि यांच्या स्टिकरमध्ये फरक आहे. तुम्ही अत्तर विकलंत की बाटली गिऱ्हाइकाची. त्याने फोडावी, अंगावर ओतावी, तुम्ही अडवत नाही. हे लोक विकून झाल्यावरही अडवतात!" चाचांनी काउंटरवर थाप मारली. विषय संपला.

जेद्दाला घसा बनवणाऱ्या कंपनीच्या एजंटचं ऑफिस होतं. एका ओळखीच्याच्या गाडीतून आम्ही दोघं गेलो. काउंटरवर एक केरळी माणूस होता, नीटनेटका, थकलेला. मी बोलत होतो, चाचा बाजूला उभे. त्याने घसा उलटसुलट केला, स्टिकर बघितलं, खूश झाला.

"सील ठीक है. वॉरंटी है. नया मिलेगा."

चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की बघ, सांगत नव्हतो?

"रिपेअर कौन करता है? आप?" मी विचारलं.

"रिपेअर नहीं होता भाई. बदली होता है. बाहर से आएगा."

"खोल के तो देखो. एक टाका है बस."

तो हसला. "हमको भी खोलने का औजार नहीं दिया. मैं तो लिख के आगे भेजता है."

नवीन कधी येणार? येईल, इन्शाल्ला, मौसमात कस्टमला वेळ लागतो. मी लग्नाची तारीख सांगितली. त्याने तोंडाने चक् केलं. मी म्हटलं, मग तोवर हा जुना परत द्या. दाबून धरला तर बोलतो, तेवढ्यावर आमचं काम होईल. नवीन आला की हा आणून देतो.

त्याने कॉम्प्युटरकडे बघितलं. "एंट्री हो गया. फॉल्टी पीस बाहर नहीं दे सकता. ये अब कंपनी का है."

"हे यांचं आहे! यांच्या गळ्याचं आहे!" मी मराठीतच ओरडलो. रागात भाषा आपोआप घरची येते. तो घाबरून मागे सरकला, आणि मला त्याचीच कीव आली. त्याच्या हातात काय होतं? शेवटी त्याने एवढंच केलं, चाचांना आतल्या खुर्चीवर बसवलं, घसा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "चाचा, एक बार फोन करना है तो कर लो."

चाचांनी घसा मुठीत आवळला. फोन केला नाही. त्या माणसाला म्हणाले, "लगन... में... बोलना... था." आणि घसा काउंटरवर ठेवून दिला. एंट्री झालेली होती ना. धंद्याचा नियम. वाद नाही.

परतीच्या रस्त्यावर ते खिडकीतून बाहेर बघत होते. मी पत्रकातल्यासारखं भाषण करत होतो, कंपन्या, लुटारू, आपला हक्क. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की गाडीत मी एकटाच बोलतोय आणि दुसऱ्याला बोलायची सोयच नाही.

त्यानंतर मी जे जे सुचलं ते केलं. इलेक्ट्रिक दाढीचं मशीन गळ्याला लावून बघितलं. चाचांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'दाढी झाली. बोलणं नाही.' मोबाईलची थरथरणारी मोटर काढून डबीत बसवली, ती फार क्षीण. जुन्या रेडिओचा स्पीकर, त्यावर झाकण, आत एक छोटं सर्किट असं काहीतरी जोडलं. त्यातून समोरासमोर 'बा' एवढं समजायचं. फोनवर नुसती घरघर. असं यंत्र आत कसं असतं याचा एक कागद जरी मिळाला असता! मी एजंटला फोन करून तो नकाशा मागितला. उत्तर आलं, गोपनीय. कॉइल, बटण आणि बॅटरी. यात गोपनीय काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. मी पहिल्याच दिवशी ते कवच उघडलं असतं तर नक्की जमलं असतं, अशी हमी मी देत नाही. कवच तडकलं असतं, कॉइल दुखावली असती. पण मग ते आमच्या हातून, आमच्या मर्जीने बिघडलं असतं. अर्धामुर्धा चालणारा आवाज माणसाच्या हातातून काढून घ्यायचा आणि कपाटात ठेवून द्यायचा, याला मी सेवा म्हणायला तयार नाही.

निकाह झाला त्या दिवशी दुपारच्या नमाजनंतर चाचांनी शटर अर्धंच उघडलं. फोन लावला, आवाज मोठा केला. तिकडे मांडवाचा गलका, भांडी, लहान मुलं. युसूफ म्हणाला, "भाई, काझीसाब बाहेर बसलेत. सल्या आहे ना तिथं? सल्या, तू भाईच्या वतीने विचार, मी नसीमाच्या कानाला फोन लावतो."

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी जोरात मान हलवली. नाही. आणि बरोबर होतं त्यांचं. बापाचा प्रश्न म्हसळ्याच्या मोबाईलवाल्याने कसा विचारायचा?

"बाबा?" नसीमाचा आवाज आला. तिला माहीत होतं घसा गेलाय ते. तरी म्हणाली, "बाबा, विचारा."

चाचांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मी समोर होतो, मला प्रत्येक अक्षर दिसलं: बाय, कबूल हाय ना तुना. पण ओठ फोनवर ऐकू जात नाहीत. मानेवरचा रुमाल हवेने आतबाहेर होत होता. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नुसता रुमाल हलला.

"बाबा, आहात ना?"

अंगठी फोनवर वाजली. टक टक. तीच, शुक्रवारची. ऐकतोय, पुढे बोल.

तिकडे कुणीतरी बाई रडायला लागली. "गप गं," नसीमाच म्हणाली. मग ती हळू म्हणाली, "कबूल आहे, बाबा." लगेच युसूफ गवाहांसमोर रीतसर विचारत असल्याचं ऐकू आलं, तिचं उत्तर ऐकू आलं, आणि गलक्यात फोन कट झाला.

लोक मला सांगतात, सलीम, पण झालं की सगळं नीट. मुलीने ओळखलं, बाप पोचला. मुलीपुरतं खरं आहे. पण चाचांना तिच्याकडून ओळखून घ्यायचं नव्हतं, विचारायचं होतं. एकच प्रश्न, तोही इतके दिवस घोकलेला. त्यांनी शटर पूर्ण वर केलं आणि टोप्या घडी करायला घेतल्या.

संपादक, इथे घोषणा येतेय, क्षमा करा. सुटे भाग विका. नकाशे द्या. स्टिकरच्या नावाने भीती घालू नका. आणि दुरुस्तीला आणलेली वस्तू नव्या वस्तूच्या भरवशावर जप्त करू नका, कारण ती वस्तू कुणाचा हात असते, कुणाचा कान असते. मी मदिना सोडून गावी आलो, महाडला चार जण जमवून हेच छापतो आणि एसटी स्टँडवर वाटतो. लोक घडी घालून खिशात ठेवतात, किंवा त्यात शेंगदाणे घेतात. चालायचं.

नवीन घसा मौसमाच्या शेवटी आला. जेद्दाहून एक ड्रायव्हर घेऊन आला, सुंदर खोक्यात, फोममध्ये बसवलेला. तोच आकार, तोच जोड, त्यावर तेच चंदेरी स्टिकर, अगदी कोरं. दुकानात एक तुर्की म्हातारा जानमाज बघत उभा होता. चाचांनी घसा बाहेर काढला, अंगठ्याने स्टिकर चाचपलं आणि माझ्यापुढे हात पसरला. मला कळेना काय हवंय. त्यांनी माझ्या काउंटरवरच्या ब्लेडकडे बोट केलं.

मी ब्लेड दिलं. त्यांनी स्टिकर मधोमध चिरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, अत्तराची बाटली उघडावी तसं. हमी गेली. मग घसा गळ्याला लावला, बटण दाबलं, आणि अजिबात न अडखळता, एकही अक्षर न खाता, भुंग्याच्या त्या एकाच सुरात विचारलं:

"बाय, कबूल हाय ना तुना?"

तुर्की म्हाताऱ्याला वाटलं, आपल्याला भाव सांगतायत. त्याने थोडा विचार केला आणि मान हलवून हो म्हटलं.